ठोकळ्यांचे प्राणी व मुलांचे वर्णन

मुलांच्या खेळाची चिकित्सा वाङ्मयविषयक मासिकात कशाला, असा प्रश्न काही वाचक करतील. खेळ हा शिक्षणशास्त्राचा विषय. त्यातही भूमितीच्या आकारांचे ठोकळे म्हटले म्हणजे तो गणिताच्या शिक्षकाचा प्रांत. तेथे काव्यशास्त्राने पाऊल टाकण्याचे प्रयोजन काय? आमचे उत्तर असे की, ज्या क्षणी मूल चार-सहा ठोकळे जुळवून 'हा उंट' असे म्हणते आणि तो उंट काय खातो, कोठे निजतो व कशास भितो हे सांगू लागते, त्या क्षणी भूमितीची हद्द ओलांडली गेलेली असते. हे बोलणे गणिताच्या हिशेबात धरले जात नाही, आणि वाङ्मयाच्या हिशेबात ते धरावे असे कोणाच्या मनातही येत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहावा, तशी त्याची स्थिती झाली आहे. मुलांच्या बोबड्या बोलांचे कौतुक करणे हा आमचा हेतू नव्हे. कौतुक घरोघर पुष्कळ होते. परीक्षण मात्र होत नाही. त्या बोलण्यात सरस कोणते, नीरस कोणते, आणि सरस असेल तर ते कशामुळे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम साहित्याचा परिचय करून देणे अवश्य आहे. आम्ही ज्या ठोकळ्यांविषयी बोलत आहो, त्यांस 'पॅटर्न ब्लॉक' असे नाव आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात प्राथमिक शाळांतील विज्ञानशिक्षणासाठी 'एलिमेंटरी सायन्स स्टडी' नावाची योजना चालली होती. तीत एडवर्ड प्रेनोविट्झ यांनी १९६३ साली या ठोकळ्यांच्या कामास प्रारंभ केला. आकार सहाच : पिवळा षट्कोन, तांबडा समलंब चौकोन, निळा समभुज चौकोन, हिरवा समभुज त्रिकोण, नारिंगी चौरस, आणि फिकट लाकडी रंगाचा एक अरुंद समभुज चौकोन. आपल्याकडील मुले या शेवटच्या आकारास व त्याच्या निळ्या भावंडास शंकरपाळी म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू, कारण तो शास्त्रीय शब्दाहून अधिक डोळ्यांपुढे उभा राहतो. सर्वांची बाजू सारखी, बहुधा एक इंचाची. केवळ तांबड्या ठोकळ्याची एक बाजू दुप्पट. सर्वांचे कोन तीस अंशांच्या पटीतले. त्यामुळे कोणत्याही ठोकळ्याची कड कोणत्याही दुसऱ्याच्या कडेस बिनचूक बसते. दोन तांबडे, तीन निळे किंवा सहा हिरवे ठोकळे जुळविले असता एक पिवळा होतो. चौरस व अरुंद शंकरपाळी या कुटुंबाबाहेरचे. त्यांचे नाते आपापसांत आहे, कारण त्या शंकरपाळीचे क्षेत्रफळ चौरसाच्या बरोबर अर्धे भरते. डोळ्यांस ते पटत नाही, परंतु गणित तसे सांगते.

आता या साहित्यात काय नाही ते पाहावे. वाटोळी रेषा एकही नाही. उंचसखलपणा नाही, सारे ठोकळे मेजावर आडवे पडून राहतात.  म्हणजे ज्यास मांजराची पाठ किंवा सापाची वळणे करावयाची आहेत, त्याच्या वाट्यास सरळ कडा व ठरीव कोन एवढेच भांडवल येते. ही गरिबी मुलास जाचत असेल असे आपणांस वाटते; प्रत्यक्षात ती त्यास उपकारक होते. कवीच्या वृत्तांची गोष्टही अशीच नाही काय? शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे बसवावयाची आणि त्यांचा लघुगुरुक्रमही ठरलेला, म्हणून कवी मुका होत नाही. उलट, सैल गद्यात जे त्यास सुचले नसते, ते त्या अडचणीतून सुचते. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांजर काढणारे मूल 'मला येत नाही' म्हणून कागद चुरगळते. ठोकळ्यांत मांजर कोणासच हुबेहूब करता येत नाही. म्हणून तेथे हार मानण्याचे कारणही उरत नाही. हुबेहूबपणाची आशा सुटली की खरी रचना सुरू होते.

या कल्पनेचे मूळ अर्थातच फार जुने आहे. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२-१८५२) याने ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ साली बालशिक्षणाची संस्था काढली आणि १८४० साली तीस 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. तत्पूर्वी १८१४ ते १८१६ या काळात बर्लिन येथे वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात त्याने काम केले होते. निर्जीव दगडात जी सुव्यवस्था दिसते तीच सजीव सृष्टीतही आहे, ही त्याची श्रद्धा तेथे दृढ झाली. त्याने मुलांसाठी जी खेळणी योजिली त्यांस तो 'देणग्या' म्हणे. त्यांपैकी तिसरी म्हणजे दोन इंचांच्या घनाचे केलेले आठ लहान घन. पुढील एका देणगीत चौरस व त्रिकोणी पातळ फळ्या असत, आणि आजचे पॅटर्न ब्लॉक या फळ्यांचेच वंशज होत. या साहित्याचे तीन उपयोग त्याने सांगितले : जीवनरूपे, सौंदर्यरूपे व ज्ञानरूपे. त्याच आठ घनांची खुर्ची केली की ते जीवनरूप, नक्षी केली की सौंदर्यरूप, आणि आठाचे दोन चौक केले की ज्ञानरूप.

ही त्रयी आम्हांस फार मोलाची वाटते, कारण एकच वस्तू तीन दृष्टींनी पाहता येते हे तीत मान्य केलेले आहे. परंतु पुढे या देणग्यांचे जे झाले ते दुःखद होय. प्रत्येक रूपानंतर कोणते रूप करावयाचे, एकही ठोकळा न उरू देता ते कसे साधावयाचे, याचे क्रम अनुयायांनी बांधून टाकिले. शिक्षिकेने सांगावे आणि साऱ्या वर्गाने एकदम हात हलवावे, असा कवाईतीचा प्रकार झाला. अमेरिकेत जॉन ड्युई यांनी या ठरीव क्रमांवर टीका केली ती योग्यच होती. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट याच्या आईने १८७६ सालच्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात ही खेळणी पाहून मुलासाठी आणिली, आणि त्या मेपल लाकडाच्या ठोकळ्यांचा स्पर्श पुढे आपल्या बोटांत राहिला असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिने सौंदर्यरूपांची बाजू सिद्ध होते. जीवनरूपांची बाजू मात्र कोणी लढविली नाही. कारण इमारत उभी राहते व दिसते, मुलाचे बोलणे हवेत विरून जाते.

येथे वाङ्मयपंडिताकडून एक आक्षेप येण्याचा संभव आहे, आणि तो वजनदार आहे. कोलरिज याने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'बायोग्राफिया लिटरारिया' या ग्रंथात दोन शक्तींत भेद केला. एक केवळ कल्पकता. ती आयत्या, ठरीव व न बदलणाऱ्या वस्तू घेऊन त्यांची मांडणी करते. दुसरी खरी प्रतिभा. ती वस्तू विरघळवून त्यांतून नवे जीवन निर्माण करते. ठोकळ्यांहून अधिक आयते व ठरीव दुसरे काय असणार? म्हणजे हा खेळ पहिल्या, हलक्या प्रतीच्या शक्तीचा. आपल्याकडील मम्मटासही विचारिले असते तर त्याने या रचनांस चित्रकाव्याच्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, बसविले असते : कमलबंध, खड्गबंध यांसारखी चतुराई, व्यंग्य काही नाही.

हा आक्षेप ठोकळ्यांच्या मांडणीपुरता आम्ही मान्य करितो. मेजावर पडलेली आकृती ही जुळवाजुळवच होय. परंतु मूल जेथे थांबते तेथे ही जुळवाजुळव थांबत नाही. मूल बोलू लागते, आणि जे ठोकळे हातास विरघळविता आले नाहीत ते बोलण्यात विरघळतात. याची दोन उदाहरणे आमच्या पाहण्यातली देतो.

एका मुलाने हत्ती केला. सोंडेसाठी नारिंगी चौरसांची रांग लाविली. ती काठीसारखी ताठ राहिली. वाकविण्यासाठी त्याने मध्ये एक हिरवा त्रिकोण घातला, तेव्हा रांग साठ अंशांनी वळली. मग त्या त्रिकोणावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा सोंडेचा गुडघा." हत्तीच्या सोंडेस हाड नाही, मग गुडघा कोठला, असे प्राणिशास्त्र म्हणेल. पण या हत्तीच्या सोंडेस तो आहे, नव्हे, तेथेच तिचे वळणे आहे. त्रिकोण या जागी काय काम करितो हे त्या एका शब्दाने जितके नेमके सांगितले, तितके 'साठ अंशांचा कोन' या शब्दांनीही सांगितले नसते.

दुसरे उदाहरण एका मुलीच्या मोराचे. पिसाऱ्यासाठी तिने अरुंद शंकरपाळ्यांची टोके एका बिंदूशी आणून पंखा मांडिला. प्रत्येक टोक तीस अंशांचे. म्हणून सहा पिसांत पंखा भुईस दोन्हीकडून टेकतो, आणि सातव्यास जागा राहत नाही. तिच्या हातात सातवे पीस होतेच. तिने ते भुईच्या रेषेखाली लाविले, थोडा वेळ पाहिले, आणि सांगितले, "हे मातीत गेले आहे. पाऊस आला की उगवेल." मोर व पाऊस यांची जोडी आपल्या कवींनी शतकानुशतके जोडून ठेविली आहे, परंतु पिसाचे बी होऊन ते पावसाने उगवते, ही कल्पना त्या जुन्या संकेतातून आलेली नाही. ती आली सहा गुणिले तीस म्हणजे एकशेऐंशी या हिशेबातून. तो हिशेब मुलीस येत नव्हता. त्याची अडचण मात्र तिच्या बोटांस लागली, आणि त्या अडचणीचे तिने वाणीने सोने केले.

या दोन उदाहरणांवरून परीक्षणाची एक कसोटी हाती लागते. मुलांच्या वर्णनांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात नुसती यादी असते : हे डोके, हे पोट, हे चार पाय. ती खरी असते, पण तीत मोजणीपलीकडे काही नसते. दुसऱ्या वर्गात कल्पनेची बेसुमार उड्डाणे असतात : तो प्राणी आकाशात गेला, त्याने राक्षसास मारिले, मग तो राजा झाला. वडीलधाऱ्यांस याच वर्गाचे कौतुक अधिक; 'केवढी कल्पनाशक्ती' असे उद्गार येथेच निघतात. आमच्या मते हा वर्ग पहिल्याहूनही उणा. कारण ती गोष्ट मेजावरील प्राण्याची नसतेच; तो प्राणी काढून दुसरा ठेविला तरी तिचा एक शब्द बदलावा लागत नाही. तिसऱ्या वर्गात वर्णन ठोकळ्यांस बांधलेले असते आणि तरीही ठोकळ्यांपलीकडे जाते. सोंडेचा गुडघा व मातीतले पीस ही त्या वर्गातली. तेथे एक ठोकळा इकडचा तिकडे केला तर वाक्य खोटे पडते. पदार्थाचा असा जाब देणारी कल्पना हीच वाङ्मयात टिकते, आणि हा नियम थोरांच्या वाङ्मयासही लागू आहे.

अलंकारशास्त्रात स्वभावोक्तीविषयी जो वाद आहे, त्याची येथे आठवण होते. मुले, पशू इत्यादिकांचे रूप व क्रिया यांचे यथार्थ वर्णन म्हणजे स्वभावोक्ती, असे मम्मट मानतो. कुंतकाने मात्र तीस अलंकारच मानण्याचे नाकारिले. वस्तूचा स्वभाव हा तर वर्ण्य विषय, तोच अलंकार कसा होईल, असा त्याचा युक्तिवाद. मुलांच्या या वर्णनांत दोघांचेही म्हणणे एकदम खरे ठरते. मुलगा गुडघा म्हणतो तेव्हा तो आपल्या हत्तीचा स्वभावच सांगत असतो. आणि ऐकणाऱ्यास ती वक्रोक्ती वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल 'हे शेपटीसारखे आहे' असे आपण होऊन क्वचितच म्हणते. ते 'ही शेपटी' असे म्हणते. म्हणजे त्याची स्वाभाविक वाणी रूपकाची, उपमेची नव्हे. आपण जवळ जाऊन 'हे कशासारखे दिसते?' असा प्रश्न केला की आपण त्यास रूपकातून ओढून उपमेत आणितो. मग ते ओशाळून 'शेपटीसारखे' म्हणते, आणि आकृतीतला प्राण निघून जातो. याचा अर्थ मुलास भ्रम झालेला असतो असा नव्हे. लाकूड आहे हे त्यास पक्के ठाऊक असते; त्या सिंहास भिऊन ते पळत नाही, आणि भूक लागली की त्यास मेजावर सोडून जेवावयास जाते. साहित्यिक आनंदाचे स्वरूप सांगताना न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी' हा शब्द योजिला : तादात्म्य आहे आणि भेदाचे भानही आहे. त्या सिद्धान्तावर पंडितांनी पुष्कळ काथ्याकूट केला. त्याचे निर्मळ उदाहरण ज्यास पाहावयाचे असेल, त्याने पाच वर्षांच्या मुलाशेजारी सतरंजीवर बसावे.

हा झाला काव्याचा भाग. या खेळाचा एक गद्य भागही आहे, आणि त्याची योग्यता कमी नाही. दोन मुलांमध्ये उभे पुस्तक किंवा पुठ्ठा ठेवावा; एकाने प्राणी करावा, तो दुसऱ्यास दाखवू नये, केवळ सांगावा, आणि दुसऱ्याने ऐकून तसाच करावा. येथे 'सोंडेचा गुडघा' कामास येत नाही. "पिवळा मध्ये ठेव, खाली हिरवा लाव," असे पहिला म्हणतो. दुसरा विचारतो, "खाली म्हणजे माझ्याकडे का? आणि टोक लावू की कड?" आडव्या मेजावर 'खाली' या शब्दास अर्थच ठरलेला नाही, हे दोघांस त्या वेळी प्रथम कळते. मग कड, टोक, कोपरा, अर्धा, उलटा, समोरासमोर असे शब्द गरजेने जन्म घेतात किंवा मोठ्यांकडून मागून घेतले जातात. या क्षणी शिक्षकाने 'षट्कोन' हा शब्द दिला तर तो भुकेल्यास दिलेल्या घासासारखा गोड लागतो. तोच शब्द खेळाच्या आरंभी पाठ करावयास लाविला असता घशाशी अडकतो. पडदा काढल्यावर दोन्ही प्राणी शेजारी ठेवून 'तू असे सांगितलेच नव्हतेस' हा जो तंटा होतो, तो आम्हांस टीकाशास्त्राचा पहिला धडा वाटतो. कारण बोललेले काय आणि मनात असलेले काय, यांतील अंतरावरच आमचा सारा धंदा चालतो.

या सर्वावर एक मोठा प्रतिपक्ष आहे, आणि तो मारिया माँटेसोरी बाईंचा. १९०७ साली रोम येथे त्यांनी आपले बालगृह काढिले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधनास नेमलेले कार्य आहे. एक ते दहा सेंटिमीटरांच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा हा लहानमोठेपणा ओळखण्यासाठी. त्याची आगगाडी करणे म्हणजे साधनाचा अपव्यय. लहान मुलास आधी सत्यसृष्टी द्यावी, अद्भुताची घाई करू नये, असे त्यांचे मत. या मताची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. दुसऱ्या वर्गातील बेसुमार उड्डाणांविषयी आम्ही वर जे म्हटले, ते याच मताशी जुळते. तथापि आपल्याकडे ज्यांनी ही पद्धती रुजविली, त्यांनी या बाबतीत आपली बुद्धी गहाण टाकिली नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढिले. साधने माँटेसोरींची घेतली, आणि तरीही गोष्टीस मानाचे आसन दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे पुढे हे कार्य महाराष्ट्रात आणिले. शिस्त साधनाची आणि स्वातंत्र्य वाणीचे, असा जो मध्यममार्ग त्यांच्या कार्यात दिसतो, तोच ठोकळ्यांच्या खेळात आम्हांस इष्ट वाटतो.

आज धोका दोन बाजूंनी आहे. एक, आयत्या बाह्यरेषा छापलेल्या चित्रपत्रिका. मासोळीची किंवा सशाची रेषा आधीच काढलेली, आत ठोकळे बसवावयाचे, आणि बसले की 'शाबास'. कोडे म्हणून त्यास आमची हरकत नाही, पण तेथे प्राणी मुलाचा नसतो; फ्रबेलच्या अनुयायांनी बांधिलेला क्रमच छापखान्यातून परत आलेला असतो. अशा सशाविषयी मुलास काही सांगावयाचे नसते, कारण त्याविषयी जे सांगावयाचे ते रेषेने आधीच सांगून टाकिलेले असते. दुसरा धोका आमच्यासारख्या सुशिक्षित आईबापांच्या हातून होतो. मूल 'मातीत गेलेले पीस' म्हणते आणि आपण 'मोराची पिसे अशी उगवत नाहीत हो' असे समजावितो. अथवा त्याचे शब्द वहीत उतरताना व्याकरण सुधारतो, दोन विशेषणे पदरची घालितो, आणि पाहुण्यांस वाचून दाखवितो. पहिल्याने वर्णन मरते; दुसऱ्याने ते आपले होते, मुलाचे राहत नाही.

या सुधारणेस आम्ही एवढे महत्त्व का देतो, ते सांगितले पाहिजे. खेळ संपला की ठोकळे डब्यात जातात. हत्तीचे चौरस उद्या घराची भिंत होतील, मोराची पिसे कोणाच्या दाढीस लागतील. चित्र भिंतीवर राहते, मातीचे बैल पोळ्यानंतरही फळीवर उभे असतात. ठोकळ्यांच्या प्राण्यास मात्र शब्दाव्यतिरिक्त दुसरे शरीर नाही. छायाचित्र घेतले तरी त्यात लाकडी तुकडे दिसतील, गुडघा दिसणार नाही. म्हणून जो कोणी ते शब्द लिहून घेईल, त्याने पोथी उतरणाऱ्या प्रामाणिक लेखकाचे व्रत पाळावे : जसे ऐकिले तसे, चुकीसह, लिहावे, खाली मुलाचे नाव घालावे, आणि 'हे काय आहे?' असे न विचारता 'याच्याविषयी सांग' एवढेच म्हणावे. शाळांनीही या खेळाचे मूल्यमापन करताना किती आकारांची नावे आली एवढेच न मोजता, कोणत्या मुलाचे वाक्य त्याच्या प्राण्यास घट्ट चिकटून बसले होते, हे पाहावे. भूमितीचे नुकसान यात काहीच नाही. ज्या मुलीने सातव्या पिसाची अडचण शब्दांत मांडली आहे, तिला पुढे अर्ध्या वर्तुळाचे एकशेऐंशी अंश शिकविताना शिक्षकास फार श्रम पडणार नाहीत.